फुलं बघायचं नाटक

रनिंगच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो व्हिडिओ आला. १९८४, लॉस एंजेलिस, ऑलिंपिकमधली बायकांची पहिली मॅरेथॉन. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हाने पार गळालेली, अंग एका बाजूला कललेलं, झोकांड्या खात शेवटची फेरी पुरी करते. खाली हात जोडलेले इमोजी, ‘नारीशक्ती’ वगैरे.

मी विचारलं, ही सदतिसावी आली, पहिली कोण आली होती? संध्याकाळपर्यंत सगळे गप्प. मग एकाने गुगल करून नाव टाकलं. जोन बेनॉइट.

गॅब्रिएलाबद्दल मला आदरच आहे. पण बाई कोसळताना दिसली की आपल्याला गहिवरून येतं, आणि बाई आरामात जिंकली की बघण्यासारखं काही उरत नाही, याचा मात्र मनापासून राग येतो. पुरुषांची ऑलिंपिक मॅरेथॉन १८९६ पासून होती. बायकांना ती मिळायला ८८ वर्षं लागली. १९२८ साली ८०० मीटर धावून बायका दमल्या म्हणून ती शर्यतच पुढची ३२ वर्षं बंद! (पुरुष दमून ट्रॅकवर आडवे झाले की त्याला जिद्द म्हणतात.) बायकांना हे झेपणार नाही, हेच तर पटवून घ्यायचं होतं सगळ्यांना. ते खोटं ठरवलं जोनने, आणि आपण शेअर काय करतो? झोकांड्या.

जोन अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातली. शाळेत असताना स्कीइंग करताना पाय मोडला, तो बरा करायला म्हणून पळायला लागली. १९७९ मध्ये, २१ वर्षांची कॉलेजातली पोरगी, कॉलेजचंच बनियन घालून बोस्टन मॅरेथॉन जिंकून गेली, २:३५:१५ मध्ये, म्हणजे २ तास ३५ मिनिटं १५ सेकंदांत. १९८३ साली तिथेच २:२२:४३. नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्झने आदल्याच दिवशी लंडनमध्ये जी वेळ दिली होती, तिच्यापेक्षा पावणेतीन मिनिटांनी कमी.

आणि मग मार्च १९८४ मध्ये, सरावात, गुडघा अडकला. अक्षरशः अडकला, पाऊल टाकता येईना. २५ एप्रिलला दुर्बिणीतून ऑपरेशन. ऑलिंपिकची निवड चाचणी १२ मेला. मधे सतरा दिवस! त्यातच गुडघा सांभाळताना मांडीचा मागचा स्नायू दुखावला. माझा गुडघा दुखला तेव्हा मी सतरा दिवस नुसती लिफ्ट वापरत होते. ही बाई चाचणीत पहिली आली.

५ ऑगस्टची शर्यत कधी जमलं तर अख्खी बघा. पांढरी टोपी, करडं बनियन. सुरुवातीच्या पाचेक किलोमीटरांतच ती घोळक्यातून पुढे निघाली. पाण्याच्या पहिल्या टेबलापाशी गर्दी नको म्हणून पाणीसुद्धा घेतलं नाही. मागे वाइट्झ होती, पाच वेळा न्यू यॉर्क जिंकलेली. या उन्हात ही टिकायची नाही, असा मागच्यांचा हिशोब. मधे रिकाम्या फ्रीवेचा लांबलचक पट्टा आहे. एरवी गाड्यांनी भरलेल्या त्या रस्त्यावर एकटी बाई पळतेय. मागे कोणी नाही, शेजारी कोणी नाही, चेहऱ्यावर काहीही नाही. मला तो पट्टा कितीही वेळा बघता येईल. २:२४:५२. वाइट्झ ८६ सेकंदांनी मागे, तिसरी पोर्तुगालची रोझा मोटा.

तीनच दिवसांनी त्याच कोलिझियम स्टेडियमवर पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. ते आपल्या घराघरांत पाठ आहे. हुकलेलं आपण जपून ठेवतो, हेही आलंच.

जोन पुढे थांबली नाही. १९८५ ला शिकागोत २:२१:२१. पन्नाशीत अमेरिकेच्या निवड चाचणीत २:४९. आणि २०१९ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, बोस्टनला पुन्हा त्याच कॉलेजचं बनियन घालून उतरली. १९७९ च्या वेळेपेक्षा ४० मिनिटांहून जास्त लागायला नकोत, एवढंच ठरवलं होतं. लागली पावणेएकोणतीस.

पण मला तिची सगळ्यात आवडती गोष्ट पदकाची नाही. तिने स्वतःच सांगितलेली आहे. पळायला लागली तेव्हा तिला इतकी लाज वाटायची की गाडी आली की ती चालायला लागायची आणि रस्त्याकडेची फुलं बघतेय असं दाखवायची.

मी मोबाईल कानाला लावायचे. सोसायटीच्या गेटपासून चौकापर्यंत, ‘हो, हो, निघालेच’ असं कुणालाही न बोलता बोलत. दूधवाला पुढे गेला की पुन्हा पळायला सुरुवात.