सोवळ्यातला शास्त्रज्ञ

लहानपणी सांगलीच्या आमच्या घरात सकाळच्या आंघोळीपासून नैवेद्यापर्यंत आजीला शिवायचं नाही, असा नियम होता. ती धाबळी नेसून स्वयंपाकघरात वावरायची आणि आम्ही नातवंडं भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून तिच्या बाजूने सरकायचो. तरी कुणाचा तरी कोपर लागायचाच. मग "शिवलास का रे मेल्या!" म्हणून आरडाओरडा, आजीची दुसरी आंघोळ आणि सगळ्यांची जेवणं तासभर पुढे.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः पुरती दोन वर्षं तशीच भिंतीला पाठ लावून काढली. अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या एका विद्यापीठात.

माझा विषय खारवट-चोपण जमीन. उसाला वारेमाप पाणी पाजून आमच्या कृष्णाकाठची कित्येक शेतं खारावली, वर मिठाचा पांढरा थर आला. त्या मातीवर मी वीस वर्षं काम करतोय. २०२३ साली विद्यापीठाचं बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं, आपण मातीचा अभ्यास करायला चाललोय. प्रत्यक्षात मी अभ्यास केला तो माझ्या स्टेटसचा. माती फावल्या वेळात बघितली.

'स्टेटस सांभाळायचंय, त्याची काळजी आहे,' असं एकदा फोनवर आईला म्हणालो, तर ती म्हणाली, "मग टाक की एखादा फोटो. गेल्यापासून एकदाही स्टेटस ठेवलं नाहीस. शेजारच्या काकू विचारत होत्या, सगळं बरं आहे ना म्हणून."

स्टेटस म्हणजे तिथे कायद्याने राहण्याचा दर्जा, हे तिला समजावायचा मी बराच प्रयत्न केला. व्हिसा म्हणजे नुसती लग्नपत्रिका. ती दाखवली की मांडवात घेतात. आत गेल्यावर पंगतीला किती वेळ बसायचं, काय वाढून घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवणारा कागद वेगळाच असतो. त्याचं नाव डीएस-२०१९. हा कागद घरी आला तेव्हा आमच्या मामांनी चष्मा वर करून तो निरखला आणि म्हणाले, "अरे, हा २०१९ चा आहे. जुना माल गळ्यात मारलाय तुझ्या. नवीन मागव." फॉर्मचं नाव सालासारखं का ठेवलं, हे मलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

मुंबईला मुलाखतीला गेलो तेव्हा मी सातबारा घेऊन गेलो होतो. 'हा माणूस परत जाणार' याची खात्री पटवायची असते, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. परत जाण्याचं दीड एकराहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. सातबारा हल्ली १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, पण गोल शिक्क्याशिवाय साहेबाचा विश्वास बसणार नाही म्हणून मी तलाठी कार्यालयात चार खेपा घातल्या. वर त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीही केली. तिघांचे प्रत्येकी १८५ डॉलर व्हिसासाठी आणि माझे एकट्याचे २२० डॉलर सेविससाठी भरले होते. आदल्या दिवशी बोटांचे ठसे दिले होते. बीकेसीतल्या त्या खिडकीपलीकडच्या तरुणाने तीन प्रश्न विचारले. काय शिकवता? पैसे कोण देणार? किती दिवस? मी उत्तरं दिली. "व्हिसा मंजूर," तो म्हणाला. मी सातबारा काचेला लावला. "याची गरज नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "बघा तरी." मागून बायकोने माझा शर्ट ओढला. चार खेपांचं दुःख मला आजही आहे.

सेविस हे अमेरिकी सरकारचं बाड. २००३ पासून तिथे आलेला प्रत्येक परदेशी विद्यार्थी आणि पाहुणा संशोधक त्यात नोंदलेला असतो. मला एन अक्षर आणि पुढे दहा आकडे असा क्रमांक मिळाला. विमानतळावर उतरल्यावर आय-९४ नावाची आणखी एक नोंद झाली. इतर पाहुण्यांना तिथे तारीख मिळते, अमुक दिवसापर्यंत राहा. माझ्या नोंदीत तारखेच्या जागी दोनच अक्षरं होती: डी आणि एस. ड्युरेशन ऑफ स्टेटस. म्हणजे कधीपर्यंत राहू? स्टेटस असेपर्यंत. आणि स्टेटस कधीपर्यंत असतं? ते जाईपर्यंत. आजीला 'सोवळं किती वाजेपर्यंत?' असं विचारलं की तीही हेच सांगायची.

(सोवळ्यावर नुसतं हसून भागत नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी माणसांना अंगणात उभं करून वरून पाणी घातलं. तेव्हा दोन वर्षं कुणाच्या तरी अंगणात कागद हातात धरून उभं राहायची पाळी आली, तर फार कुरकुर करायला मला तोंड नाही. थोडी करतो.)

माझं सोवळं राखायची जबाबदारी विद्यापीठातल्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या एका बाईंकडे होती. अत्यंत सज्जन बाई. त्या रागावत नसत, फक्त मेल पाठवत, आणि प्रत्येक मेलच्या तळाशी 'हा कायदेशीर सल्ला नाही' असं लिहिलेलं असे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विम्याचा तक्ता दिला. प्रत्येक आजाराला किमान १ लाख डॉलरचं संरक्षण हवं. आजारी माणसाला मायदेशी पोचवायला ५० हजार डॉलर. मृतदेह पोचवायला २५ हजार. हा विमा जाणूनबुजून बंद पडू दिला तर स्टेटस गेलं. बायकोने तक्ता वाचला आणि म्हणाली, "म्हणजे मेल्यावर तुम्ही निम्म्या भावात जाणार."

दुसरा नियम पत्त्याचा. घर बदललं की दहा दिवसांच्या आत कळवायचं. आमच्या वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि आमचं छत गळायला लागलं, तेव्हा इमारतीच्या मॅनेजरने आम्हाला २०४ मधून शेजारच्या २०६ मध्ये हलवलं. मजला तोच, जिना तोच, कचऱ्याचा डबा तोच. पंखे बसवा, गाद्या ओढा, या धांदलीत मी ते विसरलो. दहाव्या दिवशी रात्री साडेअकराला दात घासताना आठवलं. तोंडात फेस तसाच ठेवून लॅपटॉप उघडला आणि अकरा बावन्नला पत्ता बदलला. सकाळी बाईंचं उत्तर आलं, 'नोंद अद्ययावत ठेवल्याबद्दल आभार.' तेव्हापासून घरात काहीही हललं की मुलगा विचारायचा, "बाबा, बाईंना कळवायचं का?" सोफा खिडकीखाली सरकवला तेव्हासुद्धा विचारलंन.

पण खरी परीक्षा नारळाने घेतली.

२०२४ च्या गणेशोत्सवात जवळच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं. अध्यक्ष मूळचे वाळव्याचे, त्यांच्या वडिलांचं शेत चोपण झालेलं, त्यामुळे विषयाला श्रोता एक तरी नक्की होता. शाल, श्रीफळ आणि १५० डॉलर मानधन, असं ते म्हणाले. मी आनंदाने हो म्हटलं. फोन ठेवला आणि पोटात गोळा आला. आपण सोवळ्यात आहोत!

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अधूनमधून व्याख्यान द्यायला हरकत नाही, पण आधी लेखी परवानगी हवी. बोलावणाऱ्यांनी पत्र द्यायचं: विषय काय, किती तास, मोबदला किती. शिवाय तुमच्या विभागप्रमुखांनी पत्र द्यायचं, की या व्याख्यानाने तुमच्या इथल्या संशोधनाला कसा हातभार लागेल.

आमचे विभागप्रमुख म्हणजे जन्मभर मक्याच्या मुळांकडे बघत आलेला सज्जन गृहस्थ. गणपती म्हणजे कोण, हे त्यांना सांगण्यात अर्धी दुपार गेली. मूर्ती मातीची असते, एवढं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "माती! मग संबंध आहेच की," म्हणून त्यांनी झकास पत्र लिहून दिलं. मंडळाच्या अध्यक्षांनीही पत्र पाठवलं. भला माणूस, काही लपवायचं नाही म्हणून त्यांनी मोबदल्याच्या रकान्यात सगळं लिहिलं: रोख १५० डॉलर, शाल एक, नारळ एक.

तिसऱ्या दिवशी बाईंचा मेल आला. नारळ हा मोबदल्याचा भाग आहे का? असल्यास त्याची अंदाजे किंमत कळवावी.

मी भारतीय दुकानात जाऊन नारळाचा भाव बघून आलो. मग वाटलं, किंमत कळवली म्हणजे नारळ हा पगार आहे, असं मीच कबूल केल्यासारखं होईल. म्हणून लिहिलं की नारळ हा मोबदला नसून मान आहे. बाईंनी विचारलं, मान म्हणजे नेमकं काय, आणि तो नाकारता येतो का? मी लिहिलं, नाकारला तर अपशकुन होतो. यानंतर बाई दोन दिवस गप्प होत्या. बहुधा वरिष्ठांकडे विचारणा चालली असावी. मी दोन्ही रात्री नीट झोपलो नाही. नारळापायी देश सोडावा लागलेला पहिला मृदाशास्त्रज्ञ म्हणून आपली नोंद होणार, असं वाटत राहिलं.

परवानगी येईना आणि शनिवार उजाडला. शेवटी अध्यक्ष आणि मी मिळून तोडगा काढला. मानधन रद्द, व्याख्यान रद्द. मी आपला प्रेक्षकांत बसायचं. आरतीनंतर अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" मी हात वर केला आणि चाळीस मिनिटं प्रश्न विचारला. उसाच्या पाळ्या किती द्याव्यात, निचऱ्याच्या चरांना उतार किती ठेवावा, जिप्सम कधी टाकावं, असं सगळं त्या प्रश्नात आलं. अध्यक्ष म्हणाले, "फार छान प्रश्न." टाळ्या पडल्या.

आता नारळाचं काय? तो टेबलावर बसून माझ्याकडेच बघत होता. अध्यक्षांच्या पत्नीने पुढे होऊन तो उचलला, कुंकू लावलं, ब्लाउजपीस ठेवलं आणि माझ्या बायकोची ओटी भरली.

गाडीत मला घाम फुटला. बायको जे-२ वर, म्हणजे माझ्यामुळे मिळालेल्या कुटुंबाच्या व्हिसावर होती, तिने कामाचा परवाना काढलेला नव्हता. ओटी हे उत्पन्न धरतात का? मी मोठ्याने विचारलं. बायको मांडीवरच्या नारळाकडे बघत म्हणाली, "घरी गेल्यावर फोडते. चटणी करू. पुरावा उरणार नाही."

सोमवारी बाईंचं उत्तर आलं: व्याख्यानाला परवानगी मंजूर, नारळासह.

यानंतर बाकीचं सोपं होतं. कर भरायच्या मोसमात आठ हजार आठशे त्रेचाळीस क्रमांकाचा फॉर्म आला. अमेरिकेतले आपले दिवस कर ठरवताना मोजू नयेत, हे सांगण्यासाठी तो असतो, आणि त्यात ते दिवस मोजून लिहायचे असतात. दमडी न कमावणाऱ्या सात वर्षांच्या मुलाचाही वेगळा फॉर्म भरला. दिवसांचा आकडा त्यानेच काढून दिला, शाळेत तेव्हा बेरजाच चालल्या होत्या.

आणखी एक मजा राहिली. माझ्या व्हिसावर लिहिलं होतं की मला दोन वर्षांचा नियम लागू आहे. काम संपलं की मायदेशी परत जा आणि दोन वर्षं तिथेच राहा, त्याआधी इथे नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मागायचं नाही. कोणत्या देशाला कोणत्या विषयांचे जाणकार हवे आहेत, याची अमेरिकेची एक यादी आहे, तीवरून हे ठरतं. आईला हा नियम अतोनात आवडला होता. 'सरकारनेच लिहून दिलंय,' असं ती काकूंना सांगायची. डिसेंबर २०२४ मध्ये यादी बदलली आणि भारत तिच्यातून वगळला गेला. मी ओळखीच्या संशोधकांना पेढे वाटले. आईने फोनवर एवढंच विचारलं, "मग आता तुला परत कोण पाठवणार?" मी म्हटलं, "सातबारा."

२०२५ च्या उन्हाळ्यात काम संपलं. माती मी सांगलीहून आणली होती, तिलाही अमेरिकी कृषिखात्याचा परवाना लागला होता. परवान्यात लिहिलेल्या प्रयोगशाळेबाहेर तिला पाऊल टाकता येत नव्हतं, आणि तिच्याइतकी जवळची मैत्री मला तिथे कुणाशी वाटली नाही. अटीप्रमाणे उरलेली माती मोदकासारखी वाफवून निर्जंतुक केली आणि टाकून दिली. मला मात्र तीस दिवस मिळाले. या तीस दिवसांत काम करायचं नाही, भटकायचं. आम्ही नायगारा बघायला गेलो. सगळे कठड्याला ओणवून फोटो काढत होते. मी दहा पावलं मागे उभा राहिलो, कारण पलीकडे कॅनडा होता आणि या मुदतीत बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत. तुषार अंगावर आले तेव्हासुद्धा, हे पाणी नेमकं कुठल्या देशातलं, असा विचार मनात येऊन गेला.

दिवाळीआधी सांगलीच्या घराला रंग काढला. खालच्या खोल्यांत डबे आणि शिड्या, म्हणून आम्ही गाद्या उचलून माडीवर झोपायला गेलो. रंगारी सांगितल्यापेक्षा जास्त दिवस लावणार, हे ठरलेलंच. एका रात्री मी दचकून जागा झालो. अंधारात बोटांवर मोजलं. दहावा दिवस होता. छातीत धडधडत होतं. मी उठून लॅपटॉप शोधायला लागलो, तर अंधारातून बायकोचा आवाज आला.

"झोपा आता. बाईंना मी कळवलंय."