पायी फिरण्याजोगे, पण कोणाला?

प्रागचा जुना भाग पायी फिरता येतो, म्हणून ज्येष्ठांसोबतच्या सहलीसाठी व्हिएन्नापेक्षा प्राग निवडावे, हे लेखातील मत मला पटले नाही. गुडघेदुखी असलेल्या माझ्या आईला घेऊन मी दोन्ही शहरांत राहिलो आहे. प्रागमधली अंतरे कमी आहेत हे खरे, परंतु तेथील गल्ल्यांत बसवलेल्या लहान चौकोनी दगडांच्या फटींत तिच्या काठीचे टोक वारंवार अडकत होते आणि जेमतेम ५१६ मीटर लांबीचा चार्ल्स पूल ओलांडायला आम्हांला अर्धा तास लागला. नामेस्ती मिरू या मेट्रो स्थानकाच्या ८७ मीटर लांबीच्या सरकत्या जिन्यापाशी तर तिने माझा दंड घट्ट धरला आणि खाली उतरायला नकार दिला. २२ क्रमांकाची ट्राम किल्ल्यापर्यंत वर जाते, एवढे तरी लेखात सांगायला हवे होते.

व्हिएन्नाच्या जुन्या भागाभोवतीचा रिंग रस्ता सपाट आहे, त्यावरून ट्राम सतत धावतात आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत लिफ्ट आहेत. तिथे आई संध्याकाळी आपणहून म्हणाली, ‘अजून एक फेरी मारू या.’ दोन्ही शहरांत रेल्वेने सुमारे चार तासांचे अंतर असल्यामुळे मुख्य मुक्काम व्हिएन्नात ठेवून प्रागसाठी दोन रात्री काढणे मला अधिक योग्य वाटते.