जाणकारांसाठी पॅकेज-सांभाळणी

लिनक्सवर पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, सांभाळणं फार सोपं आहे. स्क्रीनवर काय लिहून आलंय ते वाचायचं नाही, एवढं एकच पथ्य. ते पाळलंत की बाकीचं आपोआप जमतं. तरी ऐन एप्रिलात देवगडच्या एका आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये जे शिक्षण झालं, ते ताजं आहे तोवर सांगून टाकतो.

मशीनवर डेबियन स्टेबल, म्हणजे डेबियन नावाच्या लिनक्सची स्थिर आवृत्ती, असेल तर आधी त्याची लाज वाटू द्या. बिलं निघतायत, पेट्यांवरची लेबलं छापली जातायत, वर्षभर कुणाला त्या मशीनची आठवणसुद्धा आली नाही, म्हणजे कुठेतरी नक्की पाणी मुरतंय.

‘दुसरं अ‍ॅप्ट चालू आहे’ असं मशीन म्हणालं (अ‍ॅप्ट म्हणजे पॅकेजं टाकणारं-काढणारं साधन), तर थांबू नका, दोघांची टक्कर टाळणारी लॉकची फाइल उडवा.

कुठल्याही साइटवर ‘ही ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा’ असं दिसलं की चिकटवा. कर्लनं नेटवरून ओढायचं नि थेट सुडो बॅशच्या, म्हणजे सगळे अधिकार देऊन हुकूम चालवणाऱ्याच्या, घशात घालायचं. आत काय आहे ते बघणं म्हणजे लिहिणाऱ्या सज्जनाचा अपमान.

डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिपनं (पायथॉनची पॅकेजं टाकणारं साधन) काही घुसवायला गेलं तर ते आडवं येतं. त्यावर एक पर्याय ठेवलाय, त्याचं नाव ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’. नावातच आश्वासन आहे, द्या बिनधास्त.

अपग्रेडला मुहूर्त लागतो. वळवाचे ढग भरून यावेत, लाइट दोनदा जाऊन यावी, इन्व्हर्टर केकाटायला लागावा, मग एंटर मारावा. अर्धी पॅकेजं उलगडलेली, अर्धी कॉन्फिगर व्हायची राहिलेली, अशा अवस्थेत मशीन बंद पडलं की डीपीकेजीची, म्हणजे खाली प्रत्यक्ष पॅकेजं बसवणाऱ्या साधनाची, खरी ओळख होते.

आता मुख्य विद्या, रेपो, म्हणजे पॅकेजं जिथून येतात ती कोठारं, जमवणे. समजा तुम्ही जावई आहात. पुण्याहून सासुरवाडीला आंबे खायला आलात. पेटीवरचं लेबल तुम्हाला जुनाट वाटलं. ते ‘मॉडर्न’ करायला इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर हवं, आणि स्टेबलमधलं इंकस्केप अर्थातच तुमच्या योग्यतेचं नाही. मग सोर्सेसच्या यादीत एक ओळ घाला, सिडची. सिड म्हणजे डेबियनची कायम अस्थिर शाखा. डेबियनच्या आवृत्त्यांना एका अ‍ॅनिमेशनपटातल्या पात्रांची नावं देतात, आणि सिड हा त्यातला खेळणी मोडणारा पोरगा. नाव ठेवणाऱ्यांनी आणखी किती स्पष्ट सांगायचं?

मग नवं इंकस्केप मागा. ते नवी ग्लिबसी मागेल. ग्लिबसी म्हणजे चिऱ्याच्या घराचा सगळ्यात खालचा थर, अख्खं घर त्यावर उभं. तो थर तुम्ही दुसऱ्या मापाचा बसवायला निघालात. तेव्हा अ‍ॅप्ट बिचारं काय करतं? यादी दाखवतं. ‘ही पॅकेजं काढली जातील.’ त्यात छपाईचं कप्स, त्यात लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळं नावानिशी! आणि खाली विचारतं, वाय की एन? तुम्ही तोवर खळ्यात आंबा चोखताय. कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा हाक मारतो, तुम्ही तिथूनच सांगता, दाब वाय. नंतर त्याला विचारलं तर तो म्हणतो, “भावजीनी सांगल्यानी, म्हणान दाबलंय. माका काय म्हायत?” त्याचं काय चुकलं? काहीच नाही.

संध्याकाळी वाशीची गाडी दारात उभी, पेट्या बांधून तयार, आणि लेबल निघत नाही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून ज्या लेबलाला एवढी किंमत, ते लेबल. मग मला फोन. जावईबापूंना बोलायची तर कुणाची टाप नाही, ते जेवून झोपले. बरं, ग्लिबसी खाली आणणं म्हणजे गंमत आहे का? डेबियन पॅकेज मागच्या आवृत्तीवर नेण्याची हमीच देत नाही. रातोरात डिस्क पुसून सगळं नव्यानं टाकलं तेव्हा प्रिंटर बोलला. गाडी कधीच गेली होती.

ऑटोरिमूव्हबद्दल, म्हणजे गरज संपलेली पॅकेजं आपोआप काढणाऱ्या हुकमाबद्दल, लिहिणार होतो. जाऊ दे.

अहो, डोळे कशाला दिलेत? डेबियन १९९३ पासून चालू आहे, आज त्यात साठ हजारांच्या वर पॅकेजं आहेत, आणि ती सांभाळणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. दोनेक वर्षं ती एकमेकांवर घासून, गोठवून, मग स्टेबल म्हणून देतात. फुकट. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं. एसएसएचच्या, म्हणजे लांबून मशीनमध्ये शिरायच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचा प्रोग्रामर खोदत बसला, म्हणून ते सापडलं. तो भेसळीचा माल सिडमध्ये पोचला होता, स्टेबलमध्ये नाही. अर्ध्या सेकंदासाठी तो माणूस खोदत बसला आणि तुम्हाला समोर आलेल्या चार ओळी वाचवत नाहीत?

नवं इंकस्केपच हवं होतं ना? बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे स्टेबलसाठी मुद्दाम बांधून दिलेल्या नव्या पॅकेजांत, बघायचं. नाहीतर फ्लॅटपॅकनं घ्यायचं, खालच्या कशाला धक्का लागत नाही. तेही नको तर स्वतःच्या लॅपटॉपवर करायचं, आणलेला होतात. दुसऱ्याचा धंदा ज्या मशीनवर चाललाय त्यावर कसले प्रयोग करता? रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकाऱ्याचा, पासवर्ड मी बदललाय, आणि तो शेडमध्ये कुणालाही सांगितलेला नाही. सासऱ्यांकडे मागू नका, त्यांनाही नाही.