काळोखी आली पाहिजे!

शेजाऱ्याच्या उसाला आपल्यापेक्षा जास्त काळोखी, म्हणजे गर्द काळपट हिरवा रंग, दिसली की माणसाला जेवण गोड लागत नाही. त्यावर इलाज एकच, युरिया. 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना. इतकी स्वस्त वस्तू मोजूनमापून वापरायची म्हणजे चिक्कूपणाच झाला. तेव्हा यंदाच्या सुरू उसाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीला, युरिया कसा घालावा, ते एकदा नीट ऐकून ठेवा.

पहिलं म्हणजे हिशेब करू नका. हिशेब केला की अडचण होते. सुरू उसाला शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची (नायट्रोजनची), म्हणजे एकरी 100. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे पोत्यात 20.7 किलो. पाच पोतीसुद्धा पुरती लागत नाहीत. त्यात स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) 50 किलोची दोन पोती डीएपी घातलं असेल तर त्यातून 18 किलो नत्र आधीच येऊन बसलेलं असतं. उरला युरिया चार पोती. चार! पारावर सांगायची तरी सोय आहे का? आठ टाका. आपण किलोत नाही, पोत्यात मोजतो हे सरकारनेही ओळखलं होतं. म्हणून तर 2018 मध्ये 50 किलोचं पोतं 45 चं केलं, की खप आपोआप उतरेल. आपण वर एक पोतं वाढवून हिशेब चुकता केला.

कृषी विद्यापीठाची शिफारस म्हणते, हे नत्र चार वेळा वाटून द्या. लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर लावताना, उरलेले 40. कारण असं की लागणीनंतर महिनाभर कोंब टिपरीतल्या, म्हणजे लावलेल्या तुकड्यातल्या, शिदोरीवर जगतो, मुळं जेमतेम बोटभर. त्याची खरी भूक फुटवे येताना आणि पुढे कांड्या धरताना. पण चार वेळा गडी कुठून आणायचा? तुम्ही लागणीलाच चार पोती मोकळी करा. तान्ह्या बाळापुढे पुरणपोळ्यांची चळत मांडली की ते लवकर मोठं होतं, तसंच हे.

आता टाकायची पद्धत, कारण खरी कला इथेच आहे. पाणी देऊन सरी ओली करून घ्या. उन्हाचा कडाका बघून घमेलं कमरेला लावा आणि मुठीने विस्कटत चला. मातीने झाकायचं मात्र अजिबात नाही. ओल्या सरीत पडलेला दाणा बघता बघता विरघळतो. मातीत आणि पालापाचोळ्यात युरिएज नावाचं विकर असतं, ते त्याचा अमोनियम कार्बोनेट करतं आणि दाण्याभोवतीची माती चांगलीच अल्कधर्मी होते. आपली काळी, चुनखडीची जमीन मुळातच आठच्या वरच्या सामूची, म्हणजे पीएचची. मग काय, अमोनिया वायू होऊन निघाला. दोन दिवसांनी सकाळी बांधावर उभं राहिलं की नाकाला झोंबतो, तोच तुमचा पैसा. वीतभर खाली, मातीआड गेला असता तर अमोनियम मातीच्या कणांना धरून बसला असता. पण मग वास कुठला येणार आणि खत लागू पडतंय हे कळणार कसं?

कुणी म्हणेल, युरियाला 2015 पासून निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं आहे, आता काय काळजी. तुम्हीही तसंच म्हणा. ते आवरण मुख्यतः अमोनियमचा नायट्रेट होणं लांबवतं, उघड्यावर उडणाऱ्या अमोनियाला अडवत नाही, हा बारकावा कशाला उगाळायचा? पोत्यामागे साडेसात किलो निंबोळी पेंड मिसळणं, म्हणजे सहास एक, हा जुना उपाय तर विसरूनच जा. हाताला वास लागतो.

ज्यांना हवेत सोडणं पसंत नाही, त्यांच्यासाठी पाण्याची वाट आहे. कोरड्यावर युरिया फेका आणि रात्री वीज आली की मोटर सुरू करून घरी जाऊन झोपा. युरियावर विद्युतभार नसतो, त्याला माती धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडे तो जातो. हलक्या पाण्याने बोटभर आत मुरला असता, सकाळपर्यंत चाललेल्या पाण्याने मुळांच्या खाली पोचतो. जो उरतो त्याचा पुढे नायट्रेट होतो आणि तोही पाण्याच्या पुढच्या भरपूर पाळीबरोबर विहिरीकडे वळतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, पण विहीर तपासतंय कोण! शेत चार दिवस तुंबलं तर आणखी बहार. प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढतात आणि नायट्रस ऑक्साइड वर सोडतात. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट. कोपऱ्यातल्या वाफ्यातून जागतिक काम होतं ते असं.

ठिबकवाल्यांनी स्वतःला शहाणं समजू नये. व्हेंचुरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या तोटीतून, सगळं खत पहिल्या दहा मिनिटांत सोडा, मग तीन तास नुसतं पाणी चालवा. काम तेच होतं. आधी साधं पाणी, मधल्या वेळात खत आणि शेवटी नळ्या धुण्यापुरतं पाणी, हा क्रम फक्त माहितीपत्रकात छापायला असतो.

मोठी बांधणी झाली की नत्र बंद करायचं असतं. तुम्ही तेव्हाच ‘शेवटचा हात’ म्हणून दोन पोती ओता. ऊस लुसलुशीत, काळाभोर होतो, लोकरी मावा या किडीला चांगला मानवतो आणि परतीच्या पावसात आडवा होतो. उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घटला तरी तुमचं काय जातं, दर सगळ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो! लोळलेला ऊस बघून तोडणीची टोळी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, वाढवून मागेल, ती हसत द्या.

खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, पहारीने खत देण्याचं पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचं तंत्र फार नाउमेद करणारं आहे. बेटापासून पाच-सात बोटांवर पहार वीतभर खाली मारायची, मागून येणारीने मूठभर खत भोकात सोडायचं, टाचेने दाबायचं, फूटभर पुढे पुन्हा भोक. तोडणीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका बाजूने, साडेचार महिन्यांनी दुसऱ्या. दिवसभर राबूनही शेतात एक पांढरा दाणा दिसत नाही. खत टाकलं यावर घरचेसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत.

आणि हे तंत्र पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, राखणाऱ्यांसाठी, त्यामुळे काडी आधी ओढा. एकरी तीन-चार टन पाचट, त्यात जवळपास अर्धा टक्का नत्र, म्हणजे पंधरा-वीस किलो. ते कुजवायचं तर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि चार किलो जिवाणू खत पाचटावर टाकून ओल धरावी लागते. नाहीतर कुजवणारे जिवाणू उसाच्या वाट्याचं नत्र स्वतःच खाऊन बसतात. त्यापेक्षा पेटवलं की अर्ध्या तासात रान मोकळं.

विझलं की हात धुवा आणि दुकानापुढच्या रांगेला लागा. युरियाच्या पोत्याबरोबर दुकानदार एक बाटली घ्यायला लावेल. आत काय आहे ते विचारू नका, पुढचा लगेच पोतं उचलतो.