बॉण्डवाला आणि फेलो

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांनी १ वर्ष सरकारी सेवा करावी, नाहीतर १० लाख भरावेत, या बॉण्डवरून आमच्या राजापूरकडे कायम दोन तट असतात. एक म्हणतो, लोकांच्या पैशावर शिकलात, तर गावात या. दुसरा विचारतो, धड सोयी नाहीत तिथे एकट्या पोराला ढकलून काय साधणार?

मी अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना शिकवते. इथे ग्लोबल हेल्थ फेलोशिप, म्हणजे मार्गदर्शकाच्या हाताखाली ठराविक काळ काम करायची नेमणूक, घेऊन गरीब देशातल्या दवाखान्यात जायला रेसिडेंट (हेच शिकाऊ डॉक्टर) आपणहून अर्ज करतात, निवड झाली नाही तर हिरमुसतात. आपल्या पोरांपेक्षा यांचा सेवाभाव मोठा, असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना मार्गदर्शक असतो, रात्री अडलं तर फोन उचलणारं कुणीतरी असतं, आणि केलेल्या कामाला पुढे किंमत मिळते. बॉण्डवाल्याच्या हाती बहुतेक वेळा नेमणुकीचा कागद तेवढा पडतो.

पण इथलंही सगळं डोक्यावर घेण्यासारखं नाही. आपल्याकडे महिन्याभरासाठी आलेल्या परदेशी पाहुण्याला भाषा येत नाही. सिस्टरांनी हातातलं काम टाकून दुभाषाचं काम करायचं. उलट आपला डॉक्टर इकडे आला, तर लायसन्सशिवाय पेशंटला हात लावू शकत नाही. राउंडला मागे उभं राहून नुसतं बघायचं. याचा मला मनापासून राग येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या ‘हील’ फेलोशिपमध्ये गरीब भागात बाहेरून जाणाऱ्यांबरोबर तिथेच काम करणारे स्थानिक लोकही फेलो असतात. मला पटते ती ही पद्धत.

आणि कोकणाकडे शिकवण्यासारखं थोडं आहे का? फुरसं हा विषारी साप चावलेला माणूस आला की कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळीला धक्का लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष भिनलंय; प्रतिविष सुरू. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शानेच सुरू होते. लॅबच्या रिपोर्टवर वाढलेल्या माझ्या रेसिडेंटांना हे ठाऊक नसतं. विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी जीव वाचवते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. शिवाय उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो आहे, गोचिडीमुळे होणारा दोडामार्गाकडचा माकडताप आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. परदेशी फेलो कोकणात जरूर यावा, पण निदान सहा महिने राहावा, आणि त्याने काय काम करायचं ते कोकणातल्या डॉक्टरांनी ठरवावं. त्याच्या जोडीला बॉण्डवरचा आपला डॉक्टर असावा: त्याच मार्गदर्शकाच्या हाताखाली, तेवढ्याच मानाने, नावापुढे तीच फेलोशिप लावून. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. परदेशी विद्यापीठांशी करार त्यांनी करावेत, आणि आपला फेलो तिकडे गेला की त्याला पेशंट तपासता येईल अशी सोय होणार का, हे सही करण्याआधी विचारावं.