भिजवलेलं बी आणि लोळलेला गहू

निफाडच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय: गव्हाचं बी कॅन्सरच्या रसायनात बुडवतात आणि तेच आपल्या ताटात येतं. चुलतभावाने विचारलं, “ताई, तू तिकडं राहते, खरं काय ते सांग.”

अर्धं खरं आहे. बियाच्या जनुकांत बदल घडवून नवं वाण काढायला वापरतात ते ईएमएस (इथाइल मिथेनसल्फोनेट) हे रसायन जहालच. हातमोज्यांशिवाय त्याला कुणी शिवत नाही. त्यात थोडं बी काही तास भिजवतात, वाहत्या पाण्यात पुन्हापुन्हा धुतात, मग पेरतात. पहिल्या पिढीत बरीच रोपं खुरटतात, वांझ निघतात. दुसऱ्या पिढीत वेगळेपण दिसायला लागतं: एखादं रोप बुटकं, एखादी ओंबी लवकर पिकणारी. हजारोंतून एखादंच ठेवायचं आणि पुढे कित्येक हंगाम पारखायचं. शेतकऱ्याच्या हाती येतं ते त्या भिजवलेल्या बियाच्या पणतवंडांचं बी. रसायन केव्हाच धुऊन गेलेलं असतं, राहतो तो जनुकातला बदल.

मी राहते त्या एडिनबरातच याची सुरुवात झाली. नाझी जर्मनी सोडून आलेल्या जनुकशास्त्रज्ञ शार्लट ऑअरबाख यांनी १९४० च्या दशकात जे. एम. रॉब्सन यांच्यासोबत दाखवून दिलं की मस्टर्ड गॅस या युद्धातल्या विषारी वायूमुळे फळमाश्यांच्या जनुकांत बदल होतात. स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांनी डोक्यावर घेतलेलं ‘गोल्डन प्रॉमिस’ बार्लीचं वाण तर रसायनाऐवजी गॅमा किरणांनी घडवलेल्या अशाच बदलातून आलं. बुटकं, ताठ, वाऱ्यात न लोळणारं. ते ऐकलं तेव्हा मला आई आठवली. अवकाळीनंतर लोळलेल्या गव्हात उभी राहून ती चिखलाने माखलेल्या ओंब्या एकेक करून उचलून बघत होती.

म्हणून मला या पद्धतीची भीती वाटत नाही. भांडायचंच तर वेगळ्या गोष्टीवर भांडू. २०२१ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बासमती १९७९ आणि १९८५ ही वाणं आणली. उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकातल्या अशाच बदलातून, मिळालेला गुण असा, की तणनाशक फवारलं तरी भात टिकतो. त्यामुळे भात थेट पेरता येतो आणि लावणीची मजुरी वाचते, हे खरं. पण ते तणनाशक दरवर्षी शेतात पडणार, आणि हळूहळू तणही त्याला दाद देईनासं होणार. व्हिडिओत यावर चकार शब्द नाही.

आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या उतारावरची नागली (नाचणी)? न लोळणारी, कापायला सोपी नागली तिथल्या बायांना हवी आहे की नाही, हे त्यांना विचारून मगच कुणीतरी बी भिजवायला घ्यावं. भावाला मी एवढंच लिहिलं: कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र तुझ्यापासून जवळ आहे. ओंबी भरत आली की जाऊन ये, आणि कुठलं वाण अवकाळीत उभं राहतं ते विचार.