‘साधा माणूस’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, झाडं मोजणाऱ्या बाईकडून

गेल्या आठवड्यात पुण्याच्या विद्यापीठ चौकाबद्दल मी जो लेख लिहिला, त्याखाली ‘साधा माणूस’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणू नये, म्हणून ती आधी जशीच्या तशी देते: “मॅडम, झाडं मोजणं हा पोट भरलेल्या रिकामटेकड्यांचा छंद आहे. रोज दोन तास हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून बघा, मग सायकलवर लिहा. पूल २०१९ ला नाही, २०२० ला पाडला. आणि विद्यापीठ शहराला काय शिकवणार? आधी तिथे शिकायला येणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना राहायला जागा मिळते का ते विचारा.”

साधा माणूस, सगळ्यात आधी चूक कबूल करते. चौकातला उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात पाडला. मी २०१९ लिहिलं होतं, ते दुरुस्त केलंय. आभार. एवढंच आणि अशाच स्वरात लिहिलं असतंत तर तुम्हाला दोन ओळींचं उत्तर मिळालं असतं.

पण तुम्ही सुरुवात ‘मॅडम’ने केलीत. बँकेच्या काउंटरमागे मी एकतीस वर्षं काढली आहेत. ‘मॅडम’ दोन प्रकारे म्हणता येतं, हे मला कुणी शिकवायला नको. एक ‘मॅडम’ पासबुक भरून घ्यायला आलेल्या आजोबांचं असतं. दुसरं असतं जेवणाच्या सुट्टीची पाटी बघून काचेवर टकटक करणाऱ्याचं. तुमचं कुठलं ते वाचकांनी ठरवावं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत १८६४ मध्ये बांधायला घेतली आणि १८७१ मध्ये पुरी झाली. मुंबईच्या गव्हर्नरचं ते पावसाळ्यातलं घर. (२२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेब तिथल्याच समारंभातून परतत होता, तेव्हा गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गाठलं. आजचं ट्रॅफिक असतं तर बग्गी चौकातच अडकली असती.) १९४९ मध्ये तिथे विद्यापीठ आलं, डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि साहेबाचं घर पाडण्याऐवजी लोकांनी त्यात टेबलं मांडून कामाला सुरुवात केली. डागडुजी करत करत ती इमारत आजही वापरात आहे. तिच्या दारातल्या चौकात मात्र उड्डाणपूल बांधला आणि पंधरा वर्षं व्हायच्या आत तो पाडावा लागला, कारण वरून मेट्रो न्यायची होती आणि तिचा विचार पूल बांधताना झाला नव्हता. ‘शाश्वत विकास’ हा शब्द सभांमध्ये इतका वापरला जातो की त्याची लाज वाटायला लागली आहे. मी एवढंच म्हटलं होतं की तो बघायचा असेल तर या दोन बांधकामांमधल्या अंतरात बघून घ्या.

यातल्या एकाही वाक्यावर तुम्ही बोलला नाहीत. तुम्हाला दिसली ती शेवटाकडची झाडं मोजणारी बाई. ठीक आहे, तिच्याबद्दलच बोलू.

‘पोट भरलेल्या’ म्हणालात. माझे वडील याच विद्यापीठात कारकून होते. कसब्यातल्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. ते सकाळी पँटला क्लिप लावून सायकलवर निघायचे, नव्या पुलावरून शिवाजीनगर, तिथून गणेशखिंड रस्ता. खिंडीच्या चढाला उतरून सायकल ढकलत न्यायचे, कारण चेन घसरायची आणि नवी घ्यायला पुढच्या पगाराची वाट बघावी लागायची. तो चढ उन्हाळ्यातसुद्धा सुसह्य होता तो वरच्या झाडांमुळे. संध्याकाळी परत आले की त्यांच्या खिशात आवारातल्या गाभुळलेल्या चिंचा असायच्या. आम्हा भावंडांत त्या मोजून वाटल्या जायच्या, प्रत्येकी दोन. आमच्या घरातलं मोजणं तेव्हापासूनचं आहे, आणि तेव्हा आमचं पोट फारसं भरलेलं नव्हतं. आता माझ्याकडे गाडी आहे, फ्लॅट आहे, दोन्ही मी नोकरी करून घेतलेत. त्याची माफी मागावी अशी अपेक्षा असेल तर सोडून द्या.

आता ‘छंद’. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणात जाणाऱ्या झाडांवर नोटिसा लागल्या, तेव्हा मी आणि माझी एक मैत्रीण शिंप्याकडची टेप घेऊन चार रविवार तिथे गेलो. टेप अपुरी पडली, मग सुतळी घेतली. खोडाच्या छातीइतक्या उंचीवर सुतळी गुंडाळायची, चिमटीत खूण धरायची, मग ती जमिनीवर पसरून मोजायची. एका पर्जन्यवृक्षाला आम्हा दोघींचे हात पुरले नाहीत. बुंध्यावर गेरूचा पट्टा, त्यावर पांढऱ्या रंगात नंबर, आणि त्या नंबरावरच कुणीतरी क्लासच्या जाहिरातीचा बोर्ड खिळ्याने ठोकलेला.

हे कशासाठी? राज्याचा झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड आता ‘हेरिटेज’ धरतात, आणि तोडलंच तर त्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावावी लागतात. आता झाड काही जन्मदाखला घेऊन उभं राहत नाही. वय काढतात ते बऱ्याच अंशी घेरावरून. म्हणजे घेर कमी नोंदला की वय कमी, वय कमी की लावायची झाडं कमी. नोंद कोण करतं, कुठे उभं राहून करतं, बुंध्याशी करतं की गाडीत बसून करतं, यावर सगळं ठरतं. आमची वही घेऊन मी एका कार्यालयात गेले, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी ती उघडलीसुद्धा नाही. “ताई, घरी नातवंडं नाहीत का?” म्हणाले. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू आला. तुम्हीच ते नाही ना? नसाल अशी आशा आहे.

आणि ‘पुनर्रोपण करतात ना’ हे कुणी म्हणायच्या आधीच सांगते: फांद्या छाटून, मुळं कापून, विजेच्या खांबासारखं केलेलं खोड दुसऱ्या खड्ड्यात उभं केलं म्हणजे झाड वाचलं असं नसतं. त्याला पुढे दोन-तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस लागतो. त्या माणसाचा पगार टेंडरमध्ये कुठल्या ओळीत असतो ते मला दाखवा. विद्यापीठाच्या आवारातली झाडं माळ्यांच्या हातांवर जगली आहेत. शहरात झाडाला खड्डा मिळतो, फोटो मिळतो, माळी मिळत नाही. माझ्या लेखाचा खरा मुद्दा हाच होता.

सावली ही पोट भरलेल्यांची गरज नसते हो, गाडीत बसलेल्याला एसी असतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता विद्यापीठाच्या फाटकाबाहेर बसची वाट बघत उभे राहा. मी राहिले आहे. माझ्या शेजारी एक मुलगी होती, बीडहून आलेली, डोक्यावर कागदपत्रांची फाइल धरून. फाटकाच्या आत झाडाखाली उभं राहिलं तर बस निघून जाते, बाहेर थांबलं तर चटके बसतात. ती दोन्हीकडे बघत मधेच उभी होती. तिला विचारा झाडं मोजणं छंद आहे का.

हिंजवडीचं म्हणाल, तर माझा मुलगा गेली नऊ वर्षं तिथे जातो. रात्री साडेनऊला घरी येऊन बूटसुद्धा न काढता सोफ्यावर बसणारा माणूस मी रोज बघते, तेव्हा ट्रॅफिक मला तुमच्याकडून शिकायचं नाही. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही तेवीस किलोमीटरची मेट्रो व्हायलाच हवी, हे मी त्याच लेखात लिहिलंय. तुम्ही तिथपर्यंत पोचला नाहीत बहुतेक. मी विचारलं होतं ते इतकंच की वरून मेट्रो जाणार, त्याखालून गाड्यांचा उड्डाणपूल जाणार, आणि त्याच्याही खाली पुन्हा रुंद रस्ता, तर मग मेट्रोत बसायचं कुणी? रस्ता रुंद केला की गाड्या येतात. कात्रज-स्वारगेटला २००६ मध्ये बसना वेगळी लेन दिली, आणि वर्षभरात तिच्यात दुचाक्या घुसल्या. तेव्हाही दोष बसलाच दिला गेला.

(मुलाला तुमची प्रतिक्रिया दाखवली. तो म्हणाला, “आई, त्याचं थोडं बरोबर आहे.” ते आम्ही घरात बघून घेऊ.)

सायकलचं राहिलं. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या. आवारात त्या खरोखर चालल्या, मुलं वसतिगृहातून जयकर ग्रंथालयाकडे त्यावरून जाताना मी पाहिली आहेत. फाटकाबाहेर त्या फूटपाथवर आडव्या पडलेल्या दिसायच्या. सायकल तीच, माणसंही तीच. आत गाड्या हळू जातात आणि बाहेर हळू जात नाहीत, फरक तेवढाच. शहराने विद्यापीठाकडून शिकायचं ते हे. तुम्हाला त्यात माझा भाबडेपणा दिसला, दिसो.

बाहेरगावच्या मुलांच्या राहण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय तो वेगळा विषय आहे. माझा लेख चौकावर होता. सगळं एकाच लेखात आलं पाहिजे हा हट्ट मला कळत नाही. कधी सवड झाली तर त्यावर लिहीन. आणि बीडच्या त्या मुलीला मी ती कुठे राहते हे विचारलं नव्हतं, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावर यायची.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. काही वाचकांनी तसं सुचवलं होतं. साल दुरुस्त केलंय, खाली तुमचा उल्लेखही केलाय. ‘रिकामटेकड्या’ हा शब्द मात्र तसाच ठेवलाय. काढायचा असेल तर तुम्हीच काढा, आणि जमलं तर स्वतःच्या नावाने.